इष्टुर फाकड्याची समाधी आणि विद्यार्थ्याचे वाक्य

इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेणारा विद्यार्थी ‘साधन’ या शब्दाशी अपरिचित असतो असे म्हणता येणार नाही. शालेय पाठ्यपुस्तकांतूनच भौतिक, लिखित व मौखिक साधने हे वर्गीकरण त्याच्या कानावरून गेलेले असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या इयत्ता नववीच्या पाठ्यपुस्तकाचे तर पहिलेच प्रकरण ‘इतिहासाची साधने’ हे आहे. वर्गीकरण त्यास मुखोद्गत असते, प्रत्येक प्रकाराची दोन-दोन उदाहरणेही देता येतात. तथापि त्याच विद्यार्थ्यास एखाद्या पत्राचा उतारा देऊन ‘यावरून काय म्हणता येईल ते चार वाक्यांत लिही’ असे सांगितले, म्हणजे त्याची लेखणी अडते. तो उताऱ्याचा सारांश लिहितो, किंवा उतारा बाजूस ठेवून पाठ असलेली हकीकत लिहून काढतो व शेवटी लग्नात अक्षता टाकाव्यात तशा तळटीपा टाकतो. साधन आणि विधान यांच्यामध्ये जो एक पूल असावयास पाहिजे तो त्याच्या लेखनात नसतो. हा दोष प्रबंधलेखनाच्या वेळी आपणा सर्वांच्या निदर्शनास येतो व आपण तो विद्यार्थ्याच्या आळसाकडे बोट दाखवून मोकळे होतो. वस्तुतः त्याचे मूळ दहा वर्षे मागे, शाळेच्या बाकावर असते. त्या वयात हा पूल बांधावयास कसे शिकवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्याकरिता उदाहरणे मावळ तालुक्यातून, वडगाव, कार्ले व लोणावळ्याच्या परिसरातून घेतली आहेत.

हा विचार परदेशातून आयात करावा लागतो अशी एक समजूत आढळते. ती तितकीशी बरोबर नाही. मराठीत साधननिष्ठ इतिहासलेखनाचा आरंभच मुळी एका तरुणाच्या निबंधापासून झाला आहे. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर आपली टीका लिहिली ती १८६७ च्या सुमारास, विद्यार्थिदशेत. १८२६ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेला डफचा ग्रंथ त्या वेळी प्रमाणभूत मानला जात असे. वयाची पंचविशीही न गाठलेल्या कीर्तन्यांनी त्यास जो प्रश्न विचारला तो साधा होता : तुम्ही ज्या मराठी कागदांचा आधार सांगता ते कागद आम्हांस कोठे पाहावयास मिळतील? आधाराचे नाव घेणे आणि आधार दाखविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या प्रश्नाचे मर्म होय. पुढे १८७८ मध्ये निघालेला ‘काव्येतिहाससंग्रह’, वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’, आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून काढलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचे खंड हे सर्व, एका अर्थी, त्या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले उत्तर आहे. राजवाड्यांचा पहिला खंड निघाला त्याच १८९८ साली पॅरिसमध्ये लांगलॉ व सेन्योबोस यांचा इतिहासाभ्यासाच्या प्रवेशाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, त्याच वर्षी इंग्लंडात एम. डब्ल्यू. कीटिंग यांचे, शाळकरी मुलांसमोर मूळ कागद ठेवून त्यांच्याकडून लेखी अभ्यास करून घ्यावा असे प्रतिपादन करणारे पुस्तक निघाले. या योगायोगांस फार महत्त्व देऊ नये. मात्र एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. तिकडे हा विचार शाळेपर्यंत पोचला, निदान पोचविण्याची खटपट झाली. आपल्याकडे तो संशोधक मंडळाच्या दारापाशीच थांबला. ज्या राजवाड्यांनी स्वतःच्या शाळा-कॉलेजांतील शिक्षणाविषयी इतके कडवट लिहिले, त्यांच्या खंडांतील एकही पत्र शाळेच्या फळ्यापर्यंत सहसा गेले नाही.

आता वडगावचे उदाहरण घेऊ. मावळातील एका माध्यमिक शाळेतील नववीच्या मुलांच्या वह्या पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. विषय होता ‘वडगावची लढाई’. बहुतेक सर्व वह्यांत एकच वाक्य, थोड्याफार फरकाने, होते : महादजी शिंद्यांनी वडगाव येथे इंग्रजांचा दारुण पराभव केला व शूर इंग्रज सेनापती इष्टुर फाकडा तेथे मारला गेला; त्याची समाधी आजही वडगावात आहे. वाक्य सुबक आहे. त्यातील काही भाग खरा आहे, काही चुकीचा आहे, आणि उरलेला भाग खरा की खोटा हे त्या वाक्यावरून कळण्यास मार्ग नाही. मुलांनी ही समाधी पाहिली होती. ‘समाधी आहे, म्हणजे तो तेथेच मेला’ ही त्यांची विचारसरणी होती आणि तीत पुराव्याचे बीज होते हे विसरता कामा नये. त्यांनी एक वस्तू पाहून एक अनुमान केले होते. चूक झाली ती वस्तू आणि अनुमान यांच्यामधील अंतर न मोजल्यामुळे.

प्रकरणाची रूपरेषा वाचकांस ज्ञात आहे. राघोबादादांस पुण्याच्या गादीवर बसविण्याकरिता मुंबईकर इंग्रजांनी नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे चार हजारांची फौज पाठविली. तिच्यासोबत सामान वाहणारे बैलच एकोणीस हजार होते. कॅप्टन स्टुअर्ट याने पुढे जाऊन बोरघाट ताब्यात घेतला. मागाहून मुख्य सैन्य खंडाळ्यास जमले व अत्यंत मंद गतीने पुण्याकडे सरकू लागले. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतचे आठ मैलांचे अंतर तोडण्यास त्यांस अकरा दिवस लागले असे ग्रँट डफ सांगतो. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे स्टुअर्ट ठार झाला. ९ जानेवारीस फौज तळेगावास पोचली, तो गाव जळून गेलेला. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून व सामान जाळून इंग्रजांनी माघार आरंभिली. मराठ्यांनी त्यांस वडगावी गाठले, कोंडले, आणि जानेवारीच्या मध्यास तह लिहून घेतला. पुढे वॉरन हेस्टिंग्जने हा तह झुगारून दिला.

या तारखा व ही गावे फळ्यावर एका ओळीत मांडली, की नववीच्या मुलास काहीतरी खटकू लागते, आणि हा खटका हेच आपल्या शिक्षणाचे पहिले फळ होय. कार्ले पश्चिमेस, वडगाव मध्ये, तळेगाव पूर्वेस. लोणावळ्याहून लोकलने जाणाऱ्या प्रत्येक मुलास हा क्रम पाठ असतो. स्टुअर्ट ४ तारखेस कार्ल्यास पडला, त्या दिवशी इंग्रज फौज वडगावापर्यंत पोचलीच नव्हती. मग वडगावची समाधी कोणाची? तो सेनापतीही नव्हता. सेनापती कर्नल एगर्टन होता व त्याच्या आजारपणामुळे सूत्रे कॉकबर्नकडे गेली. म्हणजे वह्यांतील वाक्यातील दोन विधाने तारखेच्या व पदाच्या साध्या पडताळ्यानेच गळून पडतात. उरते ती समाधी.

येथे शिक्षकाने घाई करू नये. कित्येक शिक्षक या ठिकाणी विजयी मुद्रेने ‘म्हणजे ही समाधी खोटी’ असे म्हणून मोकळे होतात. तसे म्हणणे हेदेखील पुराव्याच्या पलीकडे जाणेच आहे. शव वडगावी नेले असेल; समाधी ही दफनाची जागा नसून मागाहून उभारलेली स्मृती असेल; ती दुसऱ्याच कोणाची असून तिला फाकड्याचे नाव चिकटले असेल. आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. वडगावच्या तहानंतर इंग्रजांनी जे दोन ओलीस मराठ्यांच्या स्वाधीन केले त्यांपैकी एक फार्मर नावाचा गृहस्थ असून दुसऱ्याचे नाव लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट असे होते. एकाच मोहिमेत दोन स्टुअर्ट, एक कार्ल्यास मेलेला व एक वडगावास हवाली केलेला! लोकस्मृतीत या दोघांची सरमिसळ झाली असे सिद्ध करता येत नाही. परंतु ती शक्यता लिहून ठेवताना ‘असेल’, ‘असावे’ व ‘आहे’ या तीन क्रियापदांतील भेद विद्यार्थ्यास जितका स्पष्ट कळतो तितका तो व्याकरणाच्या तासालाही कळत नाही. मराठी भाषेने अनिश्चितीच्या इतक्या बारीक पायऱ्या आपल्या क्रियापदांत ठेवल्या आहेत आणि आपण मुलांकडून इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत केवळ ‘झाला’, ‘केला’, ‘होता’ एवढेच लिहून घेतो, ही खेदाची गोष्ट आहे.

मग समाधी आणि तिच्याभोवतीच्या कथा पुरावा म्हणून निरुपयोगी ठरतात काय? मुळीच नाही. त्या कशाचा पुरावा आहेत, हा प्रश्न बदलावा लागतो इतकेच. झाडावर चढून टेहळणी करीत असता त्यास तोफेचा गोळा लागला अशी कथा सांगतात. समाधीस नवस बोलतात असेही सांगतात. शत्रूच्या एका अधिकाऱ्यास ‘फाकडा’ हे कौतुकाचे नाव मराठ्यांनीच दिले. डफच्या ग्रंथात त्या नावाची नोंद सापडते, यावरून ते नाव १८२६ पूर्वीच रूढ होते एवढे निश्चितपणे म्हणता येते. पेशवाईतील साडेतीन फाकड्यांच्या गणनेत कोन्हेरराव एकबोटे, मालोजी घोरपडे व मानाजी शिंदे यांच्या मागोमाग अर्ध्या फाकड्याचे स्थान या परक्यास दिले जाते. स्टुअर्ट कसा मेला यापेक्षा मावळच्या लोकांनी शत्रूच्या शौर्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, याविषयी ही परंपरा अधिक बोलकी आहे. ज्या मुलाच्या आजोबांनी त्याला ही कथा सांगितली, त्याला ‘तुझे आजोबा चुकीचे सांगतात’ असे वर्गात ऐकावे लागले, तर तो आजोबांचे तरी ऐकणार नाही किंवा इतिहासाचे तरी. त्याऐवजी ‘आजोबांची कथा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे?’ असे विचारले तर दोघांचाही मान राहतो, आणि मौखिक साधन म्हणजे काय हे व्याख्येवाचून कळते.

साधनांची निवड करताना एक पथ्य पाळले पाहिजे, ते प्रस्तुत लेखक स्वतःच्या चुकीवरून शिकला. पहिल्या प्रयोगात मुलांना एकदम नऊ उतारे देण्यात आले : डफ, १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर, फॉरेस्ट यांनी त्याच वर्षी छापलेले मुंबई सरकारचे कागद, काही मराठी पत्रे. परिणाम असा झाला की मुलांनी नऊ सारांश लिहिले. दुसऱ्या वेळी तीनच उतारे दिले, प्रत्येक सहा-सात ओळींचा, आणि त्यांपैकी दोन परस्परांशी न जुळणारे. विसंगती डोळ्यांसमोर आल्याखेरीज विद्यार्थी ‘कोण सांगतो, केव्हा सांगतो’ हा प्रश्न आपण होऊन विचारीत नाही. अमेरिकेतील सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखविले आहे : इतिहासकार कागद हाती येताच प्रथम तो कोणाचा व कधीचा हे पाहतात, हुशार शालेय विद्यार्थी पहिल्या ओळीपासून वाचू लागतात. मराठी पत्रांच्या बाबतीत तर हा पहिला प्रश्नच एक सुंदर व्यायाम आहे. पत्रावर मुसलमानी चंद्र असतो, क्वचित तिथी असते. शके १७०० चा पौष, जिल्हेजचा महिना व इंग्रजी जानेवारी यांची सांगड घातल्याशिवाय ते पत्र स्टुअर्टच्या मृत्यूपूर्वीचे की नंतरचे हे कळत नाही. राजवाड्यांनी डफच्या कालनिर्णयातील चुका दाखविल्या त्या याच हत्याराने. जंत्री हाती धरून तारीख काढणारा चौदा वर्षांचा मुलगा राजवाड्यांच्या पंक्तीस बसत नाही हे खरे. पण त्यांच्या पंगतीत काय वाढले होते याची चव त्याला कळते.

वडगावहून कार्ल्याच्या लेण्यात यावे. येथे साधन दगडावर कोरलेले आहे. त्याची छापील वाचनेही सुलभ आहेत. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली व नंतर सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’त ती प्रसिद्ध केली. मुलांचे आवडते विधान असते की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, किंवा, शहाणी मुले असतील तर, ‘ही लेणी सातवाहन राजांनी बांधली’. दुसरे विधान पहिल्याहून सुधारलेले वाटते, परंतु पद्धतीच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नाही. दोन्ही ऐकीव आहेत. चैत्यगृहाच्या भिंती व खांब काय सांगतात? वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने जंबुद्वीपात उत्कृष्ट असे हे शैलगृह पुरे केले. समोरचा सिंहस्तंभ गोतीचा पुत्र महारठी अग्निमित्रनक याचे दान आहे. आतील खांबांवर धेनुकाकट या गावच्या कित्येकांची नावे आहेत आणि त्यांतील काही स्वतःस ‘यवन’ म्हणवितात. आणि दाराच्या कामावर वेणुवासाचा पुत्र सामी याचे नाव आहे. त्याचा धंदा दिला आहे ‘वढकि’, म्हणजे सुतार, ज्यावरून हिंदीतील ‘बढई’ आला.

सुताराचे नाव दगडी दारावर का? हा प्रश्न मुलांना आपण होऊन सुचतो, मुद्दाम सुचवावा लागत नाही. मान वर करून छताकडे पाहिले की लाकडी फासळ्या दिसतात. दोन हजार वर्षांच्या त्या फासळ्या आजही जागच्या जागी आहेत. येथे विद्यार्थ्याने कोणते वाक्य लिहावे? ‘सामीने छताच्या फासळ्या बसविल्या’ हे वाक्य मोहक आहे, पण लेखात तसे नाही. ‘लेख सामीस सुतार म्हणतो व दाराचे काम त्याने केल्याचे सांगतो, लेण्यात लाकूडकामही होते, यास्तव दगडकाम व लाकूडकाम यांचे कारागीर अगदी भिन्न नसावेत’ हे वाक्य लांबट व कमी आकर्षक, परंतु प्रत्येक तुकड्याखाली जमीन असलेले. तीच गोष्ट यवनांची. एका वहीत ‘ग्रीकांनी कार्ले बांधले’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आढळले. लेखांतून निघते ते इतकेच की धेनुकाकटच्या काही दात्यांनी स्वतःस यवन म्हटले आणि त्यांची नावे भारतीय वळणाची आहेत. धेनुकाकट नेमके कोठे, याविषयीदेखील विद्वानांत एकमत नाही : कोणी ते आंध्रातील धरणीकोट मानले, तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याच्याच परिसरात, देवघर या गावाजवळ असावे असा पक्ष मांडला. हा वाद मुलांपासून लपवू नये. मोठी माणसेही याच लेखांवरून वेगवेगळी अनुमाने काढतात व ती का काढतात हे सांगतात, हे पाहून विद्यार्थ्याला धीर येतो.

तिसरे स्थळ बोरघाट. त्याविषयी थोडक्यात. १८३० साली माल्कमच्या कारकीर्दीत घाटातून गाडीरस्ता झाला व १८६३ साली रेल्वे सुरू झाली, हे पुस्तकात आहेच. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये काम हाती घेताच मरण पावला व त्याची पत्नी ॲलिस हिने ते पुढे चालविले, हेही नोंदलेले आहे. ज्यांनी ते बोगदे खणले त्या हजारो मजुरांची नावे मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत. कार्ल्याच्या दारावर सुताराचे नाव वाचून आलेल्या मुलास हे मौन ऐकू येते. साधन काय सांगत नाही तेही लिहावयास शिकविणे कठीण असते, पण घाटातून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत ते सोपे होते.

लेखनाच्या प्रत्यक्ष रीतीविषयी दोन शब्द. मुलांनी प्रथम विधान एका ओळीत लिहावे, त्याखाली साधनातील नेमके शब्द उतरून घ्यावेत, आणि मग दोहोंमध्ये ‘कारण’, ‘यावरून’, ‘तथापि’ यांपैकी एक शब्द वापरून तिसरे वाक्य रचावे. हे तिसरे वाक्य तपासण्यातच शिक्षकाचा सारा वेळ जावा. शुद्धलेखन व अक्षर यांस त्या दिवशी रजा द्यावी. पन्नास-साठ वह्या असल्यावर हे जमणार कसे, असा आक्षेप शिक्षक घेतात व तो रास्त आहे. दहा वह्या फळ्यावर, सर्व वर्गासमोर, लिहिणाऱ्याचे नाव न सांगता तपासल्यास उरलेल्या मुलांना आपापल्या वाक्यातील फट आपणच दिसू लागते, असा अनुभव आहे. परीक्षेतील गुणदानाचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘असावे’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापणारे परीक्षक आपल्याच विभागांतून तयार होऊन गेलेले असतात, हे आपण मान्य केले पाहिजे. त्या शाळेतील एका हुशार मुलीने सरळच विचारले होते, ‘सर, परीक्षेत हे लिहू की पुस्तकातले?’ तिला त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही.

वर्षअखेरीस त्याच मुलांच्या वह्या पुन्हा पाहिल्या. वडगावच्या लढाईवरील एका उत्तरात पुढील मजकूर होता : ‘कॅप्टन स्टुअर्ट ४ जानेवारीला कार्ल्याला मेला असे डफ सांगतो. तेव्हा फौज वडगावला आली नव्हती. म्हणून आमच्या गावातली समाधी त्याची आहे की नाही हे या कागदांवरून ठरत नाही. पण लोक तिला त्याची म्हणतात आणि त्याला फाकडा म्हणतात.’ परीक्षकाने या उत्तरास पाचांपैकी दोन गुण दिले होते व समासात ‘अपूर्ण’ असा शेरा होता.